मातीचे इमान

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून माझा भाचा आमच्याकडे धाराशिवला येतो. पूर्वी आजोळी आलेली मुले विहिरीवर, मळ्यात, देवळाच्या ओट्यावर सापडत. हल्ली ती माजघराच्या कोपऱ्यात, मोबाइलवर मान वाकवून बसलेली सापडतात. हे पाहून मोठ्या माणसाने एक सुस्कारा टाकायचा असतो. तो मी टाकला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो. पडद्यावर एक गाव होते. घरे चौकोनी, झाडे चौकोनी, गाई चौकोनी, आभाळातले ढगसुद्धा चौकोनी! गावातल्या वाटेवरून एक भलाथोरला लोखंडी गडी लांब हात हलवीत फेऱ्या घालीत होता. अंगावर वेल चढलेला, नाक लांबोडके, चाल संथ.

“हा कोण रे?”

“गोलेम, मामा. आयर्न गोलेम. गावाची राखण करतो.”

खेळाचे नाव माइनक्राफ्ट. एका स्वीडिश कंपनीने तो २०११ साली पुरा करून बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्यात हा राखणदार आला. भाच्याने मला त्याची सारी कुळकथा ऐकवली. लोखंडाचे चार ठोकळे उभेआडवे रचायचे, वर डोळे कोरलेला भोपळा ठेवायचा, की झाला गोलेम तयार. (धड लोखंडाचे आणि डोक्याच्या जागी भोपळा! असे काही गृहस्थ माझ्या वर्गातही असतात, पण ते असो.) गावातले लोक स्वतः लढत नाहीत. रात्री भुतेखेते चालून आली की हा एकटा पुढे होतो आणि त्यांना हवेत भिरकावून देतो. घाव बसले की त्याच्या अंगाला तडे जातात. लोखंडाची कांब लावली की ते बुजतात. आपण स्वतः घडवलेला गोलेम आपल्यावर कधी हात उगारत नाही.

“आणि मामा, तो कधीकधी लहान मुलांना फूल देतो!”

पाहतो तो खरेच. तो लोखंडी पहाड गावातल्या एका चिमुरड्यापुढे थांबला आणि त्याने हात पुढे केला. हातात खसखशीच्या जातीचे एक तांबडे फूल. मूल त्याच्याकडे पाहत राहिले, तो मुलाकडे पाहत राहिला. जपानी दिग्दर्शक मियाझाकी यांच्या १९८६च्या एका चित्रपटात फूल देणारा यंत्रमानव आहे, त्याच्यावरून ही कल्पना सुचली असे सांगतात. कुठूनही सुचो, मी त्या गड्याच्या प्रेमातच पडलो.

‘गडी’ हा शब्द मी मुद्दाम योजतो आहे. आपल्या भाषेत गडी दोन. एक खेळगडी आणि दुसरा घरगडी. एकाच्या खांद्यावर हात टाकायचा आणि दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे टाकायचे. गोलेम ह्या दोन्ही अर्थांनी गडी आहे, आणि त्याच्या साऱ्या कथेची गंमत आणि गोची ह्या दोन अर्थांच्या मध्येच आहे.

गोलेम हा शब्द हिब्रू. अर्थ अपुरा, न घडलेला, ओबडधोबड. पूर्ण न झालेल्या भांड्यालाही जुन्या यहुदी ग्रंथांत हाच शब्द लावलेला आढळतो, आणि अडाणी माणसालाही. म्हणजे आपल्या मराठीत सांगायचे तर ‘कच्चे मडके’! आमच्या जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे कोण आणि पक्के कोण ते पाहिले, आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा कुणाला ठाऊक नाही? तेव्हा गोलेम ह्या शब्दाला प्रतिशब्द शोधायला मला धाराशिवहून वीस-पंचवीस किलोमीटरच्या पलीकडे जावे लागले नाही.

यहुदी परंपरेतली मूळ कथा फारच छोटी आहे. तालमूद ह्या ग्रंथात ती दोन-तीन ओळींत उरकली आहे. रावा नावाच्या विद्वानाने एक माणूस निर्माण केला आणि रब्बी झेरा यांच्याकडे पाठवला. झेरा त्याच्याशी बोलू लागले. तो उत्तर देईना. झेरांनी ओळखले, हा घडवलेला आहे. त्यांनी त्याला पुन्हा मातीत जायला सांगितले. संपली कथा! त्याच्या हातून काही चूक घडली नव्हती; त्याला वाचा नव्हती, एवढाच त्याचा अपराध.

पुढे ह्या मातीच्या माणसाला प्राग शहर लाभले. तिथले रब्बी यहुदा लोव हे थोर पंडित १६०९ साली वारले; त्यांनी नदीकाठच्या चिखलातून गोलेम घडवला ही आख्यायिका मात्र त्यांच्या नावाला एकोणिसाव्या शतकात चिकटली. त्याच्या कपाळावर ‘एमेत’ म्हणजे सत्य असे लिहिलेले असे. पहिले अक्षर पुसले की उरे ‘मेत’ म्हणजे मृत. अक्षराने उठवावे आणि अक्षराने निजवावे, ही कल्पना भाषेच्या मास्तराला आवडणारच. त्यातली पाण्याची गोष्ट तर बहारीची आहे. रब्बींच्या पत्नीने त्याला पिंपे भरायला सांगितले; पुरे कधी म्हणायचे ते सांगितले नाही. तो पाणी आणीत राहिला आणि घराचे तळे झाले. १९०९ साली युडल रोझेनबर्ग यांनी एक पुस्तक छापले आणि त्यात ह्या पाणक्याला वस्तीचा रक्षक केले. यहुद्यांवर त्या काळी लहान मुलांच्या खुनाचे खोटे आळ घेतले जात. तो कट हा मुका रखवालदार उघडकीस आणतो. माझ्या भाच्याच्या मोबाइलमधला राखणदार मला ह्या पुस्तकाचा नातू वाटतो. त्यानंतर दहा-अकरा वर्षांतच कारेल चापेक यांच्या नाटकातून ‘रोबो’ हा शब्द जगभर गेला. त्याचे मूळ ‘रोबोता’, म्हणजे आपली वेठ. ते नाटक रंगभूमीवर गाजले तेही त्याच प्रागमध्ये, १९२१ साली. १९२०च्या जर्मन मूकपटात ह्या गोलेमचा शेवट करते ती एक लहान मुलगी. ती त्याला सफरचंद देते, तो तिला कौतुकाने उचलून घेतो, आणि ती खेळता खेळता त्याच्या छातीवरचा ताईत काढून घेते. मूल, गोलेम आणि हातातली भेट, हे त्रिकूट तेव्हापासूनचे.

हे सारे वाचताना मला राहून राहून वाटत होते की ही गोष्ट आपण आधी कुठेतरी ऐकली आहे. आणि मग लख्ख आठवले. गुढीपाडवा! पैठणच्या कुंभाराच्या घरी वाढलेला तो पोर शालिवाहन. शेषाचा मुलगा, पण लोकांच्या लेखी कुंभारवाड्यातला. इतर मुलांत राजा होऊन खेळायचा आणि मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करायचा. उज्जैनीचा विक्रम मोठी फौज घेऊन पैठणवर चालून आला तेव्हा ह्या पोराजवळ दुसरे काय होते? त्याने आपल्या खेळण्यांवर मंतरलेले पाणी शिंपडले आणि मातीची फौज उठून उभी राहिली. विक्रमाचा मोड झाला. कालगणनेला शालिवाहनाचे नाव मिळाले आणि घरोघर गुढ्या लागल्या. नर्मदेच्या वर विक्रम संवत आणि खाली शालिवाहन शक, अशी वाटणीही ह्या लढाईवरूनच झाली असे म्हणतात.

इतिहासकारांना हे मान्य नाही, हे सांगितले पाहिजे. इ. स. ७८मध्ये सुरू झालेला हा शक मुळात शकांचा, म्हणजे परकीयांचा. शालिवाहनाचे नाव त्याला कित्येक शतकांनी जोडले गेले. आपल्या सरकारने १९५७ साली राष्ट्रीय दिनदर्शिका केली तीही शकाचीच. पण कथेला इतिहासाची पावती लागत नाही. लागतो तो मातीचा वास, आणि तो आमच्याकडे आहे. आमचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर ही नावे जोडीने येतात. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, तिथून कापड गाड्यांत भरून भडोचला जाते, असे त्यात लिहिले आहे. तेर म्हणजेच ते तगर हे फ्लीट यांनी १९०१ साली दाखवले. आज तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात गेलात तर सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्यांपुढे पाय खिळतात. काही साध्या भाजक्या मातीच्या, काही पांढऱ्या मातीच्या. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा; दोन्ही अर्धे जोडून आतून पोकळ बाहुली काढण्याची ही रीत रोमन जगाशी चाललेल्या व्यापारातून आली असे जाणकार मानतात. केसांची ठेवण पाहावी, गळ्यातले दागिने मोजावेत! शालिवाहनाची फौज कुणी खरी मानो वा न मानो. पण ज्या सातवाहनांशी त्याचे नाव जोडतात त्यांच्या राज्यात मातीची माणसे घडवणारे हात होते, ह्यात संशय नाही.

आता एक विचारतो. त्या सैनिकांचे पुढे काय झाले? मी लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत विजय झाला, तोरणे लागली, शक सुरू झाला आणि सैनिकांचे नाव पुन्हा निघाले नाही. त्यांना इनामे मिळाली का? घोडे पागेत बांधले का? त्यांचीही पुन्हा माती झाली का, आणि झाली असेल तर ती कुणी आवरली? वर्षानुवर्षे पाडव्याला ही कथा ऐकली, पण हा प्रश्न कधी माझ्या मनात आला नव्हता. तो आणला त्या चौकोनी गावातल्या लोखंडी गड्याने.

कारण संगणकावरच्या खेळांत हाच प्रश्न नाना तऱ्हांनी येतो, हे मला भाच्याच्या शिकवणीत कळले. २००० साली आलेल्या ‘डायाब्लो’च्या दुसऱ्या भागात एक मांत्रिक आहे. तो मातीचा गोलेम उभा करतो, पुढे घालतो, आणि तो पडला की मंत्र म्हणून दुसरा उठवतो. त्याला नाव नाही, गाव नाही. ह्या मांत्रिकाला मी शालिवाहनाच्या पंक्तीला बसवतो. ‘पोकेमॉन’च्या मेळ्यात गोलर्क नावाचा एक आहे. माणसांचे आणि प्राण्यांचे रक्षण कर, अशी प्राचीन लोकांनी त्याला दिलेली आज्ञा तो अजून पाळतो. छातीवरची मोहर निघाली तर मात्र अनावर होतो. ही मोहर म्हणजे प्रागमधली कपाळावरची अक्षरेच. आणि २००९च्या ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’मध्ये शेल नावाची दगडी व्यक्ती आहे. तिच्याकडे मात्र जरा थांबावे लागते.

ही शेल एका गावाच्या चौकात तीस वर्षे पुतळा होऊन उभी होती. पाखरांनी अंगाखांद्यावर जे काय करायचे ते केले. त्यामुळे पक्ष्यांचे नाव काढले की तिचे माथे भडकते. तिला हुकूम देण्याची एक कांडी असते. ती कांडी खेळणाऱ्याच्या हाती लागते आणि शेल जागी होते. पण कांडीतली जादू सरलेली असते. आता हुकूम चालत नाही. शेल आपल्या बरोबर येते ती आपखुशीने, तेही वाटभर टोमणे मारीत. पुढे कळते की ती एके काळी जिवंत बाई होती, लढवय्यी होती, आणि स्वतःहून दगडाच्या देहात गेली होती. ह्याला मी निष्ठा म्हणतो. कांडीच्या धाकाने जो पाठीशी उभा राहतो त्याच्या निष्ठेचे कौतुक ते काय! कुणी म्हणेल, आपला मारुती आहे की. वेशीवर उभा असतो, माणूस नाही, आणि सेवेत त्याच्या तोडीचा कोण? खरे आहे. पण मारुतीला रामाने घडवलेले नव्हते. तो आपल्या पायांनी चालत आला. शेल त्याच्या बाजूची.

हे सारे ऐकून मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी भाच्याने मला आपली ‘शेती’ दाखवली.

लोखंडाची शेती असे तिला खेळणारी मुले म्हणतात. भाच्याने ती मोठ्या हौसेने समजावून सांगितली. गावातली दोन-चार माणसे धरून एका कोंदट खोलीत कोंडायची. त्यांना दिसेल असे एक भूत समोर बांधून ठेवायचे. माणसे घाबरतात. ती घाबरली की त्यांच्या रक्षणाला गोलेम आपोआप प्रकट होतो. तो जिथे प्रकट होईल तिथे आधीच पाण्याचा लोंढा सोडलेला असतो. तो त्याला ढकलत नेतो आणि तापलेल्या लाव्ह्यात टाकतो. गोलेम मरतो. त्याच्या देहाच्या लोखंडाच्या कांबी खाली पेटीत पडतात. माणसे घाबरलेलीच असतात, म्हणून लगेच दुसरा येतो. मग तिसरा. रात्रंदिवस हे चालते. खेळणारा जेवायला गेला तरी चालते.

मी पेटी उघडायला सांगितली. कांबींच्या राशी होत्या. त्यांच्यामध्ये तांबडी फुले होती.

“ही फुले कसली?”

“ती पडतातच, मामा. मेला की लोखंडाबरोबर एखादे फूल पडते. त्यांचा काही उपयोग नसतो. टाकून द्यावी लागतात.”

मी काही बोललो नाही. भाचा हुशार आहे. त्याने माझा चेहरा वाचला. म्हणाला, “मामा, तो खरा थोडाच आहे!”

ह्या वाक्यावर काय बोलायचे? गंमत अशी की हेच वाक्य तीनशे वर्षांपूर्वी एका मोठ्या धर्मपंडिताने विचारात घेतले आहे. रब्बी झ्वी अश्केनाझी हे १७१८ साली वारले. त्यांच्या पूर्वजाने गोलेम घडवला होता अशी घरातच आख्यायिका होती, म्हणून त्यांना प्रश्न पडला : सामुदायिक प्रार्थनेला दहा माणसे लागतात, त्या दहांत गोलेमला मोजावे का? त्यांनी उत्तर शोधले ते त्या जुन्या कथेत. झेरांनी रावाच्या माणसाला मातीत पाठवले. तो खरा माणूस असता तर ती हत्या झाली असती, आणि झेरांसारखा पुरुष हत्या करणार नाही. तेव्हा तो माणसांत मोजायचा नाही. तर्क चोख आहे. भाच्याचाही चोखच होता.

पण आमच्याकडे एका बाईने हा तर्क मानला नाही. नरकचतुर्दशीला पहाटे उटणे लावताना तिची आठवण करावी. पार्वतीने अंगाच्या मळाचा, कुणी म्हणतात उटण्याचा, मुलगा केला आणि दाराशी उभा केला. कुणाला आत सोडू नकोस, एवढीच आज्ञा. मुलाने ती अक्षरशः पाळली, खुद्द शंकराला अडवले आणि डोके गमावले. गोलेमची गोष्ट इथे संपली असती. मळाचा होता, मळ झाला. दुसरा करता येईल. पार्वती म्हणाली, माझा मुलगा मला परत द्या, नाहीतर प्रलय करीन. मग हत्तीचे डोके आले, नाव आले, पहिल्या पूजेचा मान आला. प्रागच्या कथेत रब्बी आहेत, बादशहा आहे, सगळे आहेत. त्या गड्याला आई तेवढी नाही.

मुक्या गड्याचे देणे ह्या भागातल्या शेतकऱ्यालाही कळते. श्रावणातल्या अमावास्येला पोळा. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि उद्या जेवायला या असे कानात आवतण द्यायचे. शहरातल्या ज्यांच्या दारी बैल नाहीत ती आम्ही मंडळी कुंभाराकडून मातीचे बैल आणतो आणि त्यांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो. एक दिवसाने वर्षाचे कष्ट फिटतात असे कुणी समजू नये; बैलाला कुणी विचारलेले नाही. तरी एक दिवस तरी आहे. शालिवाहनाच्या शिपायांना तोही नाही.

आणि तेरलाच एक कथा अशी आहे की जिच्यात हे सारे उलटे झाले आहे. माती तुडवता तुडवता गोरोबांच्या पायाखाली काय आले, ते मी इथे पुन्हा सांगत नाही. सणाच्या दिवसांत ते वाचवणार नाही. पुढे त्यांचे हात गेले. हाताविना कुंभाराचे घर कसे चालावे? तेव्हा एक परका कुंभार दारी आला, बरोबर त्याची बायको आणि एक गाढव. काम द्या म्हणाला. त्याने माती तुडवली, चाक फिरवले, मडकी भाजली आणि विकली. तो विठ्ठल होता, ती रखुमाई, आणि गाढव झाला होता गरुड. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या बारा वर्षे कावडीने पाणी भरत होता, तोही हाच. प्रागच्या पाणक्याने घराचे तळे केले. पैठणच्या पाणक्याने रांजण भरला आणि कुणाला चाहूल लागू दिली नाही. माणसाने मातीचा चाकर करावा ही तिकडची कल्पना. आमच्या संतचरित्रांत देवच चाकर होऊन मातीत हात घालतो. गोलेम जातो तो अक्षर पुसले म्हणजे. हे दोघे गेले ते मालकाने ओळखले तेव्हा.

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात. आमच्या गल्लीतही एक झाला आहे. दगड-विटा, वर ओल्या मातीचा गिलावा, उतारावर पेरलेली मोहरी, सर्वांत वर महाराज आणि बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे. ह्यातले बरेचसे जुने आहेत. सण झाला की कागदात गुंडाळून पेटीत जातात, पुढल्या वर्षी निघतात तेव्हा कुणाची तलवार गेलेली असते, कुणाचा रंग. एकाचा घोट्यापासून पाय मोडला आहे. बाजारात नवे मिळतात, मुलांनी यंदा चार आणलेही. पण मोडक्याला त्यांनी टाकले नाही. मुख्य दरवाजाशी भिंतीला टेकवून उभा केला आहे, म्हणजे पाय नसल्याचे दिसत नाही.